गेट्टीमेळाआधीचा श्वास

मद्रास, ६ डिसेंबर १९९३

ती. अण्णास, तैयलनायकीचा सा. न. वि. वि.

पहाटे गच्चीवर तुमचा योगाभ्यास चालतो, असं अण्णीवहिनीनं लिहिलंय. मन सुखावलं. पण दम्याचा पंप तुम्ही कपाटात टाकलात म्हणे! योगोपचाराला इथं मीच तुम्हाला नेलं, त्यामुळे घाबरले. तिथं शिकवणाऱ्या अलमेलू अम्मांनी बजावलं होतं की श्वास शिकवणं आमचं काम, औषध मात्र डॉक्टर ठरवतील. पंप आजच बाहेर काढा.

लेकीच्या, पूंगोदैच्या लग्नात मामाचं नादस्वरम वाजावं, असं फार वाटतं. ते तुमच्यासाठी वाटतं की माझ्या मिरवण्यासाठी, हे मात्र ठरत नाही.

तुमची, तैयल

कुंभकोणम, १५ डिसेंबर

चि. तैयलला शिंगारमचे अनेक आशीर्वाद.

पंप पुन्हा खिशात आला. ओरडू नकोस, अण्णी पुरेशी ओरडली आहे.

अम्मांनी गुणगुणत श्वास हळू सोडायला सांगितलंय. मी जातीचा वाजवणारा. गुणगुणता गुणगुणता तोडी आळवायला लागलो. शेजारच्या गच्चीवरून वाहवा आली, मग काय, शेवटचा स्वर सोडवेना. धाप लागून मटकन बसलो! फोनवर अम्मांनी झाडलं, की ही मैफल नाही, मान डोलवायला कुणी यायचं नाही, तेव्हा गुपचूप श्वास सोडा. वर म्हणाल्या, तुम्ही वाजवणारे श्वास चोरून घेता आणि पुरता सोडत नाही. खरंच आहे गं. मी कॉफीसुद्धा तशीच पितो.

भीती एकच. मंगळसूत्राची ताली बांधताना शिंक, अभद्र शब्द कानी पडू नये म्हणून आपण नादस्वरम आणि तविल ढोलाचा गेट्टीमेळ जोरात वाजवतो. तिथं मामाच खोकला तर? पूंगोदैला अपशकुन माझाच व्हायचा. माझ्या शिष्याला, सेल्वगणपतीला एकट्याला वाजवू दे, असं मनात येतं.

तुझा, अण्णा

मद्रास, २२ डिसेंबर

ती. अण्णास सा. न.

पूंगोदैला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, मामा नसेल तर मुहूर्त पुढे ढकला! नवरदेवाला अजून सांगितलेलं नाही. शिष्याला शेजारी उभा करा आणि दम लागला की वाद्य खाली घ्या, असं अम्मांनी सुचवलंय. शिष्यासमोर थांबायला तुम्हाला जड जाईल, जाणून आहे. तरी या.

वाट पाहणारी, तैयल

कुंभकोणम, २ फेब्रुवारी १९९४

चि. तैयलला आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. लग्नघरात सांगितलं नाही ते आता लिहितो. ताली बांधायला हात पुढे झाले आणि माझ्या छातीत दाटलं. एरवी श्वास चोरून रेटलं असतं. या वेळी नादस्वरम खाली घेतलं, सावकाश श्वास सोडला, आणि तैयल, मी खोकलो. मनसोक्त! सेल्वगणपती जोरात फुंकत होता, तविल कडाडत होतं. भटजींनाही पत्ता लागला नाही. गेट्टीमेळ असतो तरी कशाला? मग पुन्हा वाद्य उचललं आणि शेवटपर्यंत वाजवलं.

मान वर केली तर तू एकटक माझ्याकडे बघत होतीस. लेकीच्या गळ्याकडे बघायचं असतं गं तेव्हा, वेडे.

जावयांना नमस्कार. अम्मांना सांग, गच्चीवर आता नुसता श्वास सोडतो. शेजारी नाराज आहेत. माया आहे तशीच असू दे.

तुझा, अण्णा