समासातलं 'कशावरून?'

सोमवार, ८ जुलै

ठकूच्या बाई म्हणाल्या — 'मुलगी हुशार आहे, पण तिला स्वतःचं मतच नाही. घरी लिहून घ्या.' वा! मी दिवसभर प्रकाशकाकडे बसून दुसऱ्यांची मतं तपासते, आणि लेक बिनमताची!

संध्याकाळी बसवलं. विषय — शाळेला गणवेश हवा का?

'तुला काय वाटतं?'

'तुला वाटतं तेच.'

इतकं गुणी उत्तर ऐकून अंगावर काटा आला.

मंगळवार, ९ जुलै

नवऱ्याला बढती. दुसऱ्या शहरात, पुढच्याच महिन्यात. माझी सोळा वर्षांची नोकरी सुटणार. 'चालेल ना गं?' — 'चालेल.' भाजी करपली.

शुक्रवार, १२ जुलै

ठकूने लिहिलं, 'गणवेश वाईट असतो.' सवयीने माझं लाल पेन समासात गेलं — कशावरून? ऑफिसात यावर लेखक चिडतात. ही खूश! 'म्हणजे स्वतः पाहिलेलं लिहायचं?'

मग आलं — 'कॉलर टोचते. मी वर्गातल्या सगळ्यांच्या माना बघितल्या. अकरा जणांना लाल रेघ आहे.'

अकरा! शेजारणीला जिन्यात गाठून सांगितलं.

रविवार, १४ जुलै

घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही. नणंद आली होती. 'किती वाळलीस गं!' — 'कशावरून, आत्या?' नवरा म्हणाला, 'तिकडे मस्त वाटेल बघ.' — 'कशावरून, बाबा?' 'आईला विचार. तिला चालणार आहे.'

ठकूने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने पाणी प्यायले.

'वकीलच पोसते आहेस,' नणंद म्हणाली.

गुरुवार, १८ जुलै

आज ठकूने विषय स्वतःच निवडला.

'माझं मत — आईला नव्या शहरात जायचं नाही. एक, चालेल म्हणाली तेव्हा भाजी करपली. एरवी कधी करपत नाही. दोन, बाबांनी सामानासाठी खोकी आणली. आईने ती तीनदा पुसली, पण आत एक पुस्तकसुद्धा ठेवलं नाही. तीन, आई ऑफिसात मोठ्या मोठ्या लेखकांना कशावरून विचारते. बाबांना विचारत नाही.'

लाल पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

शुक्रवार, १९ जुलै

सकाळच्या चहाला म्हणून टाकलं — 'मला यायचं नाही.'

नवरा हसला. 'काहीतरीच! चालेल म्हणालीस की. आता हे कशावरून?'

ठकू वही आणायला आत पळाली.