थंडीत राखलेली केळ

उटी,
९ नोव्हेंबर

ती. अंबुआत्यांस,
सुमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. यातल्या चुकांवर लाल खुणा करून ते परत पाठवू नका. मागचं तसलं पत्र तुमच्या भाचेबुवांनी फ्रिजवर चिकटवलंय आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असतात.

आम्ही खुशाल आहोत. बँकेत यांचं बरं चाललंय, पण जीव सगळा बागेत. इथे प्रत्येकाच्या दारात हायड्रेंजिया आणि गुलाब. आमच्या दारात मात्र कर्दळ, अळू, सोनटक्का. म्हणजे मैसूरला जे न लावता उगवतं, त्याचे इथे लाड चाललेत. ऊन लागणाऱ्या भिंतीशी दगड रचलेत, काळे कॅन पाण्याने भरून ठेवलेत. दिवसभर ते तापतात आणि संध्याकाळी झाडांना ऊब देतात म्हणे. मल्लिगेची, म्हणजे आपल्या मोगऱ्याची, कुंडी तर माझ्या ओट्यावरच आहे. तिला जरा हलवायचं म्हटलं की यांचा चेहरा उतरतो.

पण सगळ्यांत नवल केळीचं. शेजारच्या जानकीबाईंचा जन्म इथे गेला. उटीत केळ जगलेली त्यांनी कधी पाहिली नाही म्हणतात. आमची मात्र खिडकीच्या वर गेलीय. इथला वारा कर्दळीच्या पानांच्या चिंध्या करतो, हिच्या पानांना अजून एक चीर नाही. परवा सकाळी सहज खोडाला हात लावला तर ते गरम लागलं, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं. मी चटकन हात काढून घेतला. यांना सांगितलं तर म्हणाले, तुझाच हात गार आहे.

तेही खरंच. इथली थंडी मला सोसत नाही. दिवाळीला मैसूरला आले होते, विजयनगरला आईकडे, तिथेही भर उन्हात आईने माझा हात धरला आणि ती दचकली. डॉक्टरांना रक्तात काही सापडत नाही. मला आपलं मैसूरला परत यावंसं वाटतं. बदलीचा अर्ज करा म्हणून यांच्या मागे लागलेय, तर म्हणतात, एवढा हिवाळा काढू.

एक काम होतं. डिसेंबरात इथे दंव गोठून गवत पांढरं होतं. तेव्हा केळीला पेंढा आणि गोणपाट गुंडाळायचं आहे. वरुणा गावात शेती करणाऱ्या तुमच्या श्रीहरीकडून भाताचा पेंढा मिळेल का? केळ तुमचीच आहे हो, नजरबादच्या परसातली, विहिरीजवळची. लग्नानंतर निघताना यांनी स्वतः तिच्या बुडाशी फुटलेला मुनवा खणून काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि बसमध्ये उटीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. नवी नवरी शेजारी सुटकेसा सांभाळत होती.

गुडघ्यांना तेल लावत जा. तुमची माया आहेच, या गारठ्यात ती थोडी जास्त लागते एवढंच.

तुमची,
सुमा


नजरबाद, मैसूर,
१७ नोव्हेंबर

चि. सौ. सुमा हीस,
अंबुआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका आहेत, पण आज लाल पेन उघडलं नाही. विहिरीजवळची केळ असं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि तशीच उठून परसात गेले. तिथे खड्डा आहे, वर फरशीचा तुकडा टाकलेला. मी इतके दिवस घुशीच्या नावाने खडे फोडत होते.

तुला हे कुणी सांगितलं नसणार. नव्या सुनेला सांगायची आपल्यात रीत नाही. पण आता सांगायला हवं. शरतच्या पत्रिकेत पहिली बायको वर्षभर टिकत नाही असा योग आहे, असं अनंतकृष्णभट म्हणाले. मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं, माझा ग्रहांवर विश्वास नाही. पण भाऊ-वहिनींच्या मागे राहिलेला हा एकुलता एक मुलगा, त्यात तू दुसऱ्याची लेक, उगाच जोखीम कशाला घ्या. म्हणून तुझ्या लग्नाआधी आम्ही शरतचं लग्न त्या केळीशी लावलं. कदलीविवाह म्हणतात त्याला.

सगळं रीतसर केलं. हिरवी साडी, चुडा, अक्षता. खोटे मणी चालत नाहीत असं भट म्हणाले, म्हणून वहिनीचं मंगळसूत्र तिला घातलं. मग शरतने केळ तोडायची, कांद्यासकट खणून कावेरीत सोडायची आणि बुडी मारून मागे न बघता घरी यायचं. पहिली बायको गेली, योग संपला. तोडण्याआधी मंगळसूत्र मी काढून घेतलं, तेच तुझ्या गळ्यात आहे. सोनं कुणी नदीत सोडतं का?

शरत ओल्या अंगाने परत आला तेव्हा मी काही विचारलं नाही. कोयता घेऊन तो केळीपाशी किती घोटाळत राहिला ते मी पाहिलं होतं. लहानपणी भेंडी खुडतानासुद्धा हा झाडाची माफी मागायचा. त्याने खोड नदीत सोडलं आणि कांदा जागेवर ठेवला, हे आता दिसतंच आहे. केळीला बी नसतं, सुमा. मुनवा म्हणजे तिचं मूल नव्हे, तीच ती पुन्हा. म्हणजे तुझी सवत नवऱ्याच्या मांडीवर बसून उटीला गेली म्हणायची! लिहिताना हसू येतंय, आणि पुरतं येतही नाही.

तेव्हा पेंढा पाठवत नाही. शरतला म्हणावं, आत्याने सांगितलंय, कांद्यासकट काढून टाक. तू हात लावू नकोस, ते नवऱ्याचंच काम. तुझ्या गार हातांशी मी याचा काही संबंध जोडत नाही. तरी लवकर करा.

सकाळी गरम पाण्यात आलं टाकून घे, आणि माझ्या बोलण्याचा राग मानू नकोस.

तुझी,
अंबुआत्या


उटी,
१४ डिसेंबर

ती. अंबुआत्यांस,
सुमाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, पेन नीट धरवत नाही. का ते पुढे लिहिते.

तुमचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले. मग यांना दाखवलं, ते हसले नाहीत. म्हणाले, एकदा तोडली तेव्हा तिचा चीक अंगावर उडाला, त्या शर्टाचे डाग अजून गेले नाहीत. पुन्हा तोडणार नाही, तिने कुणाचं काय वाईट केलंय? मी विषय वाढवला तर मला म्हणाले, झाडाचा कसला मत्सर करतेस.

पेंढा त्यांनी इथूनच कुठूनसा आणला. रोज बँकेतून आले की चहाआधी केळ गुंडाळायची. खोडाला पेंढा, त्यावर गोणपाट, आणि शेंड्याला यांचा स्वतःचा मफलर, मी वाढदिवसाला दिलेला. गुंडाळली की ती खिडकीबाहेर पदर घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते, तोंड घराकडे. मी त्या बाजूचा पडदा उघडायचा सोडून दिला. तरी स्वयंपाक करताना पाठीला कळतं की ती तिथे आहे.

मागच्या आठवड्यात हे ट्रेनिंगला कोइमतूरला गेले. जानकीबाई सांगून गेल्या की आज दंव गोठणार, झाडं झाका. मी संध्याकाळी बागेत गेले. मफलर सोडला, गोणपाट सोडलं, पेंढा उपसून काढला. खोटं कशाला लिहू, आत्या, ती उघडी पडली तेव्हा मला बरं वाटलं. मग घरात येऊन हीटर लावला आणि दोन रजया घेऊन झोपले.

सकाळी सगळी बाग मेली होती. अळू उकडल्यासारखं लोळत होतं, कर्दळ काळी पडली होती, कॅनमधल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. केळ तेवढी हिरवीगार. तिच्या पानावर दंवाचे थेंब होते, तेही न गोठलेले. मी रागाने तिचं पान धरायला हात पुढे केला आणि माझी बोटं पाहिली. सगळी टोकं काळी. पान हातात होतं आणि मला ते जाणवत नव्हतं. पायांचंही तेच.

डॉक्टरांनी फिरवून फिरवून विचारलं की मी रात्री उघड्यावर होते का. हीटरचं सांगितलं ते त्यांना पटलं नाही. हे कोइमतूरहून आले, माझे हात मांडीवर घेऊन बसले आणि रडले. म्हणाले, माझंच चुकलं, रविवारी सुट्टी आहे, कांद्यासकट काढून टाकतो. बोटं दुखत असतानाही मला सुख झालं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं की हा माणूस माझा आहे.

तेव्हा आता काळजी सोडा. रविवारी सगळं उरकलं की सविस्तर लिहीन. तोवर आशीर्वाद असू द्या.

तुमची,
सुमा


नजरबाद, मैसूर,
शनिवार संध्याकाळ

चि. शरत यास, आशीर्वाद.

केळीला हात लावू नकोस. बाकीचं नंतर वाच.

सुमाचं पत्र आज दुपारी मिळालं. शेजारच्या नागरत्नाकडून तुम्हां दोघांना फोन करवतेय, लागत नाहीत. आपल्या समोरच्या घरातले गंगाधरराव उद्या पहिल्या बसने उटीला निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय.

मी पत्र घेऊन अनंतकृष्णभटांकडे गेले होते. त्यांनी एकच विचारलं, मंगळसूत्र केळीच्या गळ्यातून कधी काढलं? मी म्हटलं, तोडण्याआधी. त्यांनी पंचांग मिटून ठेवलं. म्हणाले, जिवंत बायकोच्या गळ्यातून काढून दुसरीला घातलंत, आणि पहिलीही मरू दिली नाहीत. आता दोघी एकाच दोऱ्यात आहेत. घाव केळीवर घातला की तो सुमाला लागेल, आणि पत्रिकेतला योग अजून जागेवरच आहे.

माझा भटांवर विश्वास नाही. पण सुमाच्या बोटांवर आहे. थंडी त्या केळीला घातली आणि बाधली ती सुमाला. उद्या तू कुऱ्हाड घातलीस तर काय होईल, हे मला लिहवत नाही. मी सोनं वाचवायला गेले, शरत. आता तू पोरीला वाचव. आहे तशी राहू दे केळ, झाकून ठेव, ऊब दे.

तुझी,
आत्या


उटी,
२२ जानेवारी

ती. अंबुआत्यांस,
सुमाचा शि. सा. न. वि. वि.

हे लिहायला इतका उशीर झाला, रागावू नका. हातांना नवी कातडी येते आहे, आता पेन धरता येतं.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते आणि हे मागे कुऱ्हाड घेऊन गेले होते. एकदम कमरेतून सुरी गेल्यासारखं झालं आणि मी खाली पडले. नेमके तेव्हाच गंगाधरराव फाटकात पोचले होते. त्यांनी कुऱ्हाडीचा आवाज ऐकला आणि माझी किंकाळीही. पत्र खिशातच राहिलं, चपला न काढता घरातून धावत, बेडा, बेडा, नको, नको म्हणत ते मागच्या दारी गेले. दुसरा घाव पडला नाही. अर्धा तास उशीर झाला असता तर हे पत्र यांना लिहावं लागलं असतं.

केळीच्या घावात यांनी ओली माती भरली आणि गंगाधररावांच्या धोतराने ती घट्ट बांधली. माझ्या कमरेवर लाल रेघ उठली होती, ती तिच्याबरोबरच भरत आली. मंगळसूत्र काढून पाहावं असं जानकीबाईंनी सुचवलं. काढलं तर श्वासच येईना, पुन्हा घातलं. ते काही जमणारं नाही.

आता संध्याकाळी तिला मी गुंडाळते. यांना करू देत नाही, ते फार सैल बांधतात. नीट बांधली की माझ्या पायांना ऊब येते, डोळ्यांवर झोप येते. पहिले काही दिवस मला तिची भीती वाटायची, शिसारीही यायची. आता दिवसभरातलं काहीबाही तिला सांगत बसते. सवत म्हणवत नाही, आणि दुसरं काय म्हणावं ते सापडत नाही. तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका. मला वाचवायलाच तुम्ही सगळं केलंत.

आता खरी गोष्ट. माझी बोटं पाहून यांनी अर्ज केला होता, आणि मैसूरची बदली मंजूरही झाली होती. ती यांनी परवा नाकारली. कारण या आठवड्यात केळीच्या गाभ्यातून लाल टोक वर आलंय. केळफूल आहे. मी पाहिलं आणि यांना हाक मारली. केळ एकदाच विते, घड पिकला की उभ्या जागी वाळते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. फूल खुडावं तरी तो घावच. आणि तिच्या बुडाशी अजून एकही मुनवा फुटलेला नाही. हे रोज माती उकरून पाहतात.

मैसूरच्या उन्हात घड तीन-चार महिन्यांत तयार झाला असता. इथे थंडीने तो रखडतो, कधी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, असं यांनी शोधून काढलंय. म्हणून काळे कॅन काढून टाकलेत, भिंतीचे दगड हलवलेत. ज्या माणसाने तिला ऊब मिळावी म्हणून जिवाचं रान केलं, तो आता दुपारचं ऊन लागू नये म्हणून तिच्यावर चादर धरून उभा असतो. दंवापुरती झाकायची, बाकी गारठ्यात ठेवायची. मलाही मग दिवसभर कापरं भरतं. मी त्याबद्दल आता कुरकुरत नाही.

आई म्हणते, चार दिवस विजयनगरला ये, ऊन खा, बरी होशील. तिला यातलं काही सांगू नका. इथे काम आहे म्हणून मी कळवलंय.

तुमची माया आहे तशीच राहू द्या. आणि देवापाशी माझ्यासाठी काही मागणार असाल तर एवढंच मागा, की यंदा उटीला उन्हाळा येऊ नये.

तुमची,
सुमा