घरचा कायदा

३ फेब्रुवारी

आज कसाईच्या थोबाडीत मारली! ठरवून नाही — खरी. तिकीट खिडकीसमोर, रांगेतल्या लोकांदेखत. माझीच बोटं झिणझिणली. तो जागचा हलला नाही. खाली पडलेला चष्मा उचलला, काचेवर फुंकर मारली, म्हणाला, "झालं? की अजून एक?"

अंगाचा तिळपापड झाला. दुसरी मारणार तोच कुस्ती कंपनीच्या मालकाने मागून कॉलर धरली.

वाटलं, आता पोलीस. तर ऑफिसात नेऊन खुर्ची दिली! "रांगेतली माणसं शिट्ट्या मारत होती, ऐकलंस? न्याय बघायला काळं कुत्रं येत नाही बाबा. बदला बघायला गर्दी लोटते." म्हणाला, भावाचा मुखवटा घाल. निळ्या म्हणून उतर. कसाईशी सात सामने, सातवा तू जिंकायचास.

हो म्हणून बसलो. कॉलेज गेलं उडत.

४ फेब्रुवारी

आईचा फोन. "एक गेला, आता दुसरा त्याचंच कातडं पांघरून निघाला का रे?" मी फोन आपटला. आईवर!

५ फेब्रुवारी

एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल.

कंपनीची कुस्ती ठरवून असते. कोण जिंकणार, कोण कधी पडणार, सगळं. दादा म्हणजे निळ्या, निळ्या मुखवट्याचा, लोकांचा लाडका. कसाई म्हणजे दुष्ट. चामड्याचा एप्रन घालून येतो, लोक शिव्या घालतात. शेवटचा डाव 'खांब'. समोरच्याला उलटा उभा उचलायचा, डोकं खाली, पाय आढ्याला. मग दोघांनी मागे पडायचं. पाठीवर पडला तर टाळ्या. दहा महिन्यांपूर्वी दादा मानेवर पडला आणि गेला.

तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचा पेपर लिहीत होतो. पुरवणी मागितली होती. पुरवणी!

९ फेब्रुवारी

तिने मुखवट्याचं माप घेतलं. ती कंपनीचे कपडे शिवते. दादाशी लग्न ठरलं होतं तिचं. मी तिच्यावर — नाही, हे लिहायचंच नाही. (लिहिल्याने काय होतंय! दोन वर्षं झाली.)

"त्याच्यापेक्षा डोकं लहान आहे तुझं," टेप गुंडाळत म्हणाली. "अक्कलही तितकीच. मागे चिमटा घेते."

मुखवटा धुतलेला नव्हता. आत मलमाचा वास, आणि त्याचा. घातल्यावर तिने बघितलं माझ्याकडे. जन्मात कधी असं बघितलं नव्हतं. आणि ते बघणं माझं नव्हतं.

आरशात दादा उभा. भरदुपारी, ट्यूबलाइट चालू, शेजारी शिवणयंत्र खडखडतंय — आणि मला वाटलं, आता हा म्हणणार, "काय रे भुंग्या?" तो एकटाच मला भुंग्या म्हणायचा. मी जेवताना गुणगुणायचो म्हणून. आईसुद्धा म्हणत नाही. ते नाव त्याच्याबरोबर गेलं.

१५ फेब्रुवारी

सराव. कसाईने डाव शिकवले. मला! पडायचं कसं, हनुवटी छातीला कशी चिकटवायची. हात लावायच्या आधी विचारतो, "उचलू का पोरा?" ढोंगी.

मग खूण शिकवली. खांबाच्या आधी, वर जाणाऱ्याने उचलणाऱ्याच्या मनगटावर बोटं दाबायची. दोनदा — तयार आहे, उचल. एकदा — थांब. पब्लिकला दिसत नाही.

मी म्हणालो, "दादाने काय केलं होतं?"

"दोनदा."

"खोटं!"

"दोनदा," तो म्हणाला आणि पट्ट्या गुंडाळायला लागला. डोळ्यांत बघून बोलायची हिंमत नाही! डाव्या हातातून पट्टी तीनदा सुटली त्याची.

२१ फेब्रुवारी

पहिला सामना. हरलो, ठरल्याप्रमाणे. पण लोक! "निळ्या! निळ्या!" एक म्हातारी कठड्यावरून वाकून माझा दंड दाबत म्हणाली, "आलास का रे परत? मला ठाऊक होतं." हो म्हणून मान हलवली. मान हलवली मी!

रिंगमध्ये माझा डावा खांदा आपोआप खाली झुकतो. दादाचा झुकायचा. मी कधी शिकलो नाही ते.

२८ फेब्रुवारी

दुसरा. हरलो. मुखवटा काढल्यावर चेहरा बराच वेळ गार राहतो.

४ मार्च

तिला सांगितलं. सातव्या सामन्यात खांब मी घालणार आहे. कसाई वर असताना मागे पडायचं असतं, त्याची पाठ माझ्या पाठीबरोबर टेकवायची असते. मी नाही टेकवणार. सरळ सोडणार. जसा त्याने दादा सोडला.

वाटलं, ओरडेल. दाताने दोरा तोडत होती. तोडला. म्हणाली, "नुसता धमक्या देतोस की करणार आहेस?"

"करणार."

"मग कोणाला सांगत फिरू नकोस." आणि पहिल्यांदा माझ्या केसांतून हात फिरवला. मुखवटा घातलेला नव्हता तेव्हा! मी, मीच होतो. दिवसभर जमिनीवर पाय नाहीत.

१२ मार्च

सरावात कसाई मला मारणार होता!

सकाळी काही खाल्लं नव्हतं. रिंगच्या कोपऱ्यातल्या दांड्यावर डोकं जरा जोरात आपटलं, कानात घूं झालं. त्याने मला धरलं, पुढचा डाव खांब. मी बोटं दाबली, थांब, थांब. तर त्याने उचललंच मला! वरचे दिवे पायाखाली आले. पाठीवरच पडलो, वाचलो. उठून छातीवर धावून गेलो.

"थांब म्हणत होतो मी!"

"दोनदा दाबलंस की रे."

"मग? थांब म्हणूनच —"

"थांबायला एकदा. किती वेळा सांगितलंय?" पाण्याची बाटली पुढे केली. "घोकून ठेव बाबा. वरती गेल्यावर डोकं चालत नाही, बोटंच चालतात. त्यांना जे आधी शिकवलेलं तेच ती करतात."

बाटली भिरकावली. पण संध्याकाळपासून बोटांकडे बघतोय. दोनदा का दाबलं मी? बरोबर वाटलं म्हणून दाबलं. अगदी बरोबर.

१६ मार्च



सामन्याआधी कसाई शब्दकोडं सोडवत बसला होता. रोज सोडवतो, एप्रन घालून, चष्मा नाकावर. मी बूट बांधत होतो. मान वर न करता म्हणाला, "कॉलेजात होतास ना तू? एक शब्द विचारू?"

"विचारा."

"भुंग्या."

माझ्या हातातली नाडी तशीच राहिली.

"तुझा भाऊ म्हणाला होता त्या दिवशी. त्याचं डोकं आपटलं कोपऱ्यात, जरा झोकांडला, मी धरला. कानाशी म्हणाला, 'भुंग्या.' मला वाटलं, चेष्टा करतोय. आम्ही हसवतो एकमेकांना पब्लिकसमोर. मग मनगट दाबलं, मी उचलला. अकरा महिने झाले, या शब्दाला काही बसत नाही. तुला माहिताय?"

मी म्हणालो, "नाही."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "असो. तयार होता तो, एवढं मला माहिताय. तेवढ्यावर चाललंय माझं. नाहीतर हे हात तोडून फेकले असते."

१७ मार्च

मी नऊ वर्षांचा. दादा सतरा. गच्चीवर फाटकी गादी. तो कंपनीत नवा, डाव पाठ करायला मलाच उचलायचा. कंपनीची खूण त्याने मला शिकवली, आणि मी भांडलो! म्हणालो, एकदा तर चुकूनही दाबलं जातं, मला भीती वाटते, थांबायचं असेल तर मी दोनदा दाबणार. रडून गच्ची डोक्यावर घेतली. तो हसून गादीवर पडला. "बरं साहेब. बाहेर कंपनीचा कायदा, इथे घरचा कायदा. दोनदा म्हणजे थांब." सहा वर्षं आम्ही तसंच खेळलो. मी त्याला उचलण्याएवढा झालो तेव्हा तोही दोनदाच दाबायचा.

डोकं आपटल्यावर तो रिंगमध्ये नव्हताच. गच्चीवर होता. माझ्या हातात होता.

१८ मार्च

कायदा मी केला.

२० मार्च

मुखवटा घालवत नाही. आत श्वास घेतला की तो घेतो. काल सामन्यात म्हातारी परत आली होती. ओरडत होती, "सोडू नकोस त्याला!" सगळे ओरडत होते. मालक खूश, शेवटच्या सामन्याला उभं राहायला जागा नाही म्हणे.

२२ मार्च

तिने नवा मुखवटा दाखवला, सातव्यासाठी. मागे छोटासा टाका घातलाय, दादाचं पहिलं अक्षर. सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "घाबरलास?" मी म्हणालो, "छे!" असला भ्याड मी जगात पाहिला नाही.

२८ मार्च

सातवा.

धरला त्याला. त्याने माझ्या मनगटावर दोनदा दाबलं. तयार. उचलला. एवढा मोठा माणूस, वर गेल्यावर हलका लागतो. सगळा हॉल एका आवाजात, "सोड! सोड!" माझा डावा खांदा झुकलेला. एप्रनचा पट्टा माझ्या तोंडावर. तो निवांत होता हो! डोळे मिटलेले. त्याचा माझ्यावर विश्वास होता, की त्याला ठाऊक होतं आणि चालणार होतं — कळलं नाही.

पडायचं होतं. पाठीवर पाठ. तेही जमलं नाही मला. हळूहळू वाकलो आणि त्याला पायांवर उभा केला. झोपलेल्या मुलाला खाली ठेवतात तसा.

शिट्ट्या बंद. मग शिव्या. बाटल्या. "तिकिटाचे पैसे परत द्या!" मालकाचं तोंड पांढरंफटक. पडद्यामागे ती उभी होती. "हातात होता तुझ्या," म्हणाली. "हातात होता!" मुखवटा माझ्या डोक्यावरून ओरबाडून घेऊन गेली. कानाला खरचटलं.

जाऊ दे. गेली. तिला सांगायचं धाडस नाही माझ्यात. पण त्याला सांगितलंच पाहिजे. अकरा महिने तो त्या शब्दाशी एकटाच बसलाय. उद्या त्याला मोकळा करतो.

२९ मार्च

कसाईला सगळं सांगितलं. गच्ची, गादी, भुंग्या कोण, दोनदा म्हणजे काय. म्हणालो, तुमची चूक नव्हती काका, माझी होती.

त्याने चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरून बसला.

"म्हणजे तो थांब म्हणत होता," म्हणाला.

मग उठला आणि बाहेर गेला. सकाळी नऊ वाजता. आता दिवे लागले. त्याची पेटी इथेच आहे, बूट इथेच आहेत, घरी पोचला नाही म्हणून त्याच्या बायकोचा दोनदा फोन आला.

आणि मी ठरवलं होतं, याला पाडायचं नाही.