कायदेशीर रहिवाशास

प्रिय आजोबा,

तर तो माणूस शेवटी घरात आला की नाही, एवढंच सांगायचं राहिलं. रविवारी मी नेमकी रंगात आले आणि तुमच्या त्या वृद्धांच्या होममध्ये जेवणाची घंटा वाजली. "गोष्ट थांबेल, ग्रेव्ही थांबत नाही" असं म्हणून तुम्ही काठी उचलून चालायलाही लागलात! खरं सांगते, मला थोडं बरंच वाटलं. तुम्ही कानातलं ते मशीन लावत नाही, त्यामुळे तुम्हाला काहीही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि मी ओरडले की हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या आपल्याकडे वळतात. तुमचा तो सिरिल तर म्हणालाच, "जरा अजून मोठ्याने, पोरी, टीव्हीवर आज काहीच चांगलं नाहीये." म्हणून यावेळी पत्र. सगळं पहिल्यापासून लिहिते. नाहीतर तुम्ही घरी आलात आणि बघितलंत की टीव्ही भिंतीकडे तोंड करून बसलाय, दारामागे एक कागद चिकटवलाय, तर म्हणाल, ही ब्रायनी ठार वेडी झाली.

पहिलं पत्र एप्रिलमध्ये आलं. एकदम सभ्य. टीव्ही बघायचं लायसन्स दरवर्षी पैसे भरून घ्यावं लागतं, ते या घराला नाही, कृपया काय ते कळवा. वर नाव नाही, नुसतं 'कायदेशीर रहिवासी'. मी ते पावाच्या डब्यावर ठेवलं आणि विसरले. दुसऱ्यात 'कृपया' गेलं. तिसऱ्यावर लाल पट्टा. चौथ्यात लिहिलं होतं की आमचा माणूस तुमच्या घरी येणार आहे, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी. मी तर पहिल्यांदा घाबरलेच. कॉलेजला जाताना ट्राममध्ये माझ्यासमोर कोणी फाइल घेऊन बसलं, तरी वाटायचं हाच तो!

मग तुम्हाला माहितीये मी कशी आहे ते. एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. तीन आठवडे मी फक्त हेच वाचत होते. जहाजाच्या इंजिनांचा पेपर बाजूला आणि हे नियम पुढे. आजोबा, हे जाम इंटरेस्टिंग आहे! तुम्ही लाइव्ह कार्यक्रम बघत नसाल तर लायसन्स लागतच नाही, घरात टीव्ही नुसता ठेवलेला असला तरी चालतो. मी बघते ते सगळं फोनवर, आणि त्यातलं काहीच लाइव्ह नसतं. आणि तो जो माणूस येतो, त्याला आत घ्यायची आपल्यावर सक्ती नाही. कोर्टाचा कागद नसेल तर त्याने दाराबाहेरूनच परत जायचं. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला, की मी टीव्हीची वायर काढली, अँटेनाची काढली, त्याला भिंतीकडे फिरवला आणि दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: 'नमस्कार. मला काही बोलायचं नाही. गुड डे.' रोज आरशासमोर प्रॅक्टिस.

शेजारच्या मिसेस कॉटम मात्र पोट धरून हसल्या. "अगं, मला गेली पंधरा वर्षं ही पत्रं येतायत. मी त्यांच्यावर बांगडे साफ करते. कागद चांगला जाड असतो." आणि मग त्यांनी तुमच्या गाडीची गोष्ट सांगितली. ही तुम्ही मला कधी सांगितली नव्हतीत! तुम्ही टीव्ही दुरुस्त करायचात तेव्हा तुमच्या गाडीच्या टपावर अँटेना बांधलेल्या असायच्या ना? लोकांना वाटायचं, आली, लायसन्सवाल्यांची चोरटे टीव्ही हुडकायची गाडी आली. तुम्ही गल्लीत वळलात की एकामागून एका घरातले टीव्ही बंद. ज्यांनी स्वतः फोन करून तुम्हाला बोलावलेलं असायचं, तेसुद्धा सोफ्यामागे लपायचे आणि तुम्ही बाहेर बेल वाजवत उभे. शेवटी तुम्ही दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आत ओरडायचात, "मॅडम, मी थ्रेलफॉल, पिक्चर ट्यूबवाला!" मिसेस कॉटम म्हणाल्या, त्याही दोनदा लपल्या होत्या. एकदा तर टबमध्ये.

तर तो माणूस. मागच्या मंगळवारी दुपारी आला. समुद्रावरून आडवा पाऊस येत होता, छत्रीचा काही उपयोग नाही असा. मी दार उघडलं. समोर एक साधारण पन्नाशीचा गृहस्थ, गळ्यात कार्ड, चष्म्यावरून पाणी गळतंय. नाव मिस्टर ऑर्मरॉड. मी छाती पुढे काढली. म्हटलं, "नमस्कार. मला काही बोलायचं नाही." तो म्हणाला, "बरोबर आहे, तो तुमचा हक्कच आहे." आणि चष्मा पुसायला गेला, तर पुसायला कोरडं काही अंगावर नव्हतंच. आजोबा, पुढचं वाक्य 'गुड डे' होतं. माझ्या तोंडून काय निघालं? "अहो, आत या, किती भिजताय!" तीन आठवड्यांचा अभ्यास, आणि हे. मिसेस कॉटम कुंपणावरून ओरडल्या, "काय गं हे, पाठ केलेलं सगळं पाण्यात!" आणि लगेच त्याला म्हणाल्या, "पायपुसण्यावर बूट काढा हो, तिचे आजोबा शिस्तीचे आहेत."

तो मोज्यांवर आत आला. चहा घेत नाही म्हणाला, ड्यूटीवर घ्यायचा नसतो. मग दोन कप घेतला. आल्याच्या केकचा तुकडाही खाल्ला. तुमच्या खुर्चीत मात्र बसला नाही, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तुमच्या खुर्चीजवळ सगळं फेब्रुवारीत होतं तसंच आहे ना, भिंग, चष्म्याची पेटी आणि ती टीव्हीच्या कार्यक्रमांची पत्रिका. तुम्ही लाल पेनने गोल करून ठेवलेत, बुधवारी स्नूकर, शनिवारी ते जुन्या जहाजांचं. पडलात त्या आठवड्याचीच आहे ती. मी उचललीच नाही. त्याने ती बघितली आणि विचारलं, "हे कोण बघतं?" मी म्हटलं, आजोबा. "कुठे आहेत?" म्हटलं, कंबरेचं हाड मोडलंय, होममध्ये आहेत थोडे दिवस, येतील आता.

तो त्याच्या हातातल्या छोट्या मशीनकडे बघत होता. माझ्याकडे न बघताच बोलला, म्हणजे अगदी सहज, "पण इथे तर कारण लिहिलंय, लायसन्सधारक होममध्ये कायमचे राहायला गेले. मार्चमध्ये रद्द झालंय." आणि वर बघितलं. मला वाटतं माझा चेहरा बघूनच त्याला कळलं, की मला हे माहीतच नव्हतं. कानापर्यंत लाल झाला बिचारा. "माझं चुकलं, मी हे बोलायला नको होतं," असं तीन वेळा म्हणाला. एवढी लाल पट्ट्याची पत्रं पाठवणाऱ्यांचा माणूस, आणि माझ्यासमोर मोज्यांवर उभा राहून माझीच माफी मागत होता. जाताना म्हणाला, मी काहीही लिहीत नाही. महिनाअखेरपर्यंत तुम्हीच कळवा. इथे कोणी टीव्ही बघत नाही असं कळवलंत तर पत्रं थांबतील. आजोबा परत येणार असतील तर त्यांच्या नावाने लायसन्स पुन्हा सुरू करा. "पण त्याआधी घरात बोलून घ्या," म्हणाला.

मार्चमध्ये, आजोबा. तुम्ही तेव्हा हॉस्पिटलमध्येच होतात. ऑपरेशनला दोन आठवडेही झाले नव्हते.

मी आईला फोन केला. खूप चिडून केला, ते आधीच सांगते. मला वाटलं होतं ती नाकारेल. पण ती रडायलाच लागली. म्हणाली, "ब्रायनी, मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून सगळ्यांना फोन करत होते, गॅस, वीज, पेपरवाला. लायसन्सवाल्यांच्या फोनवर मशीनमधल्या बाईने कारणं वाचली. दुसऱ्या घरी गेले, एक दाबा. वारले, दोन दाबा. होममध्ये कायमचे गेले, तीन दाबा. थोडे दिवस गेलेत आणि परत येणार आहेत, असं बटणच नव्हतं गं." ती मला त्या कॉरिडॉरमध्ये डोळ्यांसमोर दिसत होती. प्रेस्टनहून रोज दोन बस बदलून यायची ती. तिने तीन दाबलं. त्यात तिचं काही वाईट मनात नव्हतं, हे मला तुम्हाला नक्की सांगायचंय.

पण मग मी विचारलं, आता? आता तर सांगता येईल ना की ते चुकून झालं? तेव्हा तिने बाकीचं सगळं सांगितलं.

आजोबा, मला हे ओरडून सांगता आलं नसतं. होमच्या मॅनेजरबाईंनी आईला विचारलंय की तुमची खोली कायमची ठेवायची का. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय, कारण यादीत दुसरे लोक आहेत. कायमची ठेवली की इथलं भाड्याचं घर हाउसिंगवाल्यांना परत द्यायचं. त्यांचा फॉर्म आईच्या पर्समध्ये आहे, अर्धा भरलेला. आईचं म्हणणं, जिना उभा आहे, न्हाणीघर वर आहे, मी दिवसभर कॉलेजला आणि पुढच्या वर्षी जहाजावर. परत पडलात तर? ती म्हणते, "ते तिथे रुळलेत, उगाच त्यांना का विचारायचं, विचारलं की त्रास होईल. हळूहळू आपोआप कळेल." आणि आम्ही सगळेच तुम्हाला 'अजून थोडेच आठवडे' म्हणतोय. मीसुद्धा. मंगळवारनंतरच्या रविवारीही मी तेच म्हटलं, घर तुमची वाट बघतंय, असं. तुम्ही हसलात आणि माझ्या हातावर थोपटलंत, आणि मी बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पण मला हेही खरं लिहायचंय की आईचं सगळंच चूक नाहीये. तुम्ही तिथे हॉलमधल्या टीव्हीची अँटेना ठीक केलीत, आता बायका तुम्हाला 'इंजिनीयर' म्हणतात, ते मी ऐकलंय. सिरिलबरोबर डोमिनोज खेळताना तुम्ही चिटिंग करता आणि इतके हसता, की तसं हसताना मी तुम्हाला आजी गेल्यापासून बघितलेलं नाही. इथे संध्याकाळी तुम्ही आणि मी, दोघं दोन खोल्यांत असायचो. मी फोनवर, तुम्ही स्नूकरसमोर. मी तेव्हा तुमच्याजवळ येऊन बसायला हवं होतं, पण ते वेगळं. म्हणजे तुम्हाला नक्की काय आवडेल, याचा मला खरंच अंदाज नाही. आईलाही नाही. आम्ही दोघी तुमच्या वतीने भांडतोय, आणि तुम्हाला ठाऊकच नाही की भांडण चालू आहे.

माझा विचार करू नका, हे नियम म्हणून आधी सांगून ठेवते. घर गेलं तर माझी सोय आहे, वर्गातल्या मार्लीनकडे एक खोली रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय. तुम्ही यायचं ठरवलंत तर तेही मी नीट वाचून काढलंय. जिन्याला बसून वर जायची खुर्ची लावून मिळते, खालच्या खोलीत पलंग बसतो, मी टेपने मोजलं. सकाळी मदतीला बाई येऊ शकते. मिसेस कॉटम म्हणाल्या दुपारी त्या डोकावतील, "तसंही मला त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या भिंतीतून ऐकू यायच्याच." सोपं नाहीये. पण होण्यासारखं आहे. आणि नाही यायचं ठरवलंत तर तेही होण्यासारखं आहे, तुमची खुर्ची आणि तो टीव्ही मी स्वतः तिकडे आणून देईन.

फक्त कोणीतरी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि चार महिन्यांत कोणीच विचारलं नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून म्हणे. मला वाटतं, त्रास आम्हालाच होणार होता. लायसन्सवाल्यांना एक उत्तर द्यायचंय, मॅनेजरबाईंना एक, हाउसिंगवाल्यांना एक, आणि तिन्ही उत्तरं तुमचीच आहेत. आईला मी काल सांगितलं की मी तुम्हाला लिहिणार आहे. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, अक्षर मोठं काढ. म्हणून हे इतकं मोठं. रविवारी मी आणि आई दोघी येतोय, आणि हॉलमध्ये नाही, तुमच्या खोलीत दार लावून बसू. त्या दिवशी मशीन कानात घाला, प्लीज. आणि आमच्याकडे न बघता, आम्हाला काय बरं वाटेल याचा विचार न करता सांगा: आजोबा, तुम्हाला घरी यायचंय का?

तुमचीच,
ब्रायनी