ढेकूळ कुठे पडलं

आबा,

दर वर्षी महिला दिनाला ऑफिसात मी तुमच्यावर भाषण करते, हे तुम्हाला कळायचा संबंध नाही. मेंढरांमागून येऊन टेबलखुर्चीवर बसलेली इथे मी एकटीच, म्हणून मलाच उभं करतात. मग मी सांगते. आठ वर्षांची होते. दिवाळी सरली, तुम्ही आई आणि भावाला बरोबर घेऊन मेंढरं खाली चरायला न्यायला निघालात आणि मला खुलताबादला आत्याच्या दारात ठेवलंत. मुलगी म्हणून मीच तेवढी जड झाले होते. मी रडत कळपामागे घाटाच्या वळणापर्यंत पळत आले, तर तुम्ही वळून "माघारी फिर!" म्हणून ओरडलात आणि कुत्र्याला हाकलावं तसं मला ढेकूळ फेकून मारलंत. इथे मी जरा थांबते. समोरच्या बायका डोळे पुसतात. मग मी म्हणते, त्या दिवसापासून मी कुणाची वाट बघणं सोडलं. टाळ्या पडतात आणि सगळे चहाला जातात.

ही गोष्ट दर वर्षी थोडी वाढत गेली, हे कबूल करते. पहिल्यांदा ढेकूळ पायाजवळ पडायचं, पुढे ते नडगीला लागायला लागलं, गेली दोन वर्षं रक्तही येतंय. एकीने विचारलं तेव्हा नडगीवरचा व्रण दाखवून मोकळी झाले. तो सायकलवरून पडल्याचा आहे. पण गोष्ट कामाची होती हो आबा. परीक्षा, नोकरी, नवरा गेल्यावर एकटीने लेक वाढवणं, दर वेळी हातपाय गळाले की तुमच्यावरचा राग मला उठवून उभं करायचा. अडलं ते यंदा. लेकीला नागपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या फॉर्मवर माझी सही हवी होती आणि मी तो आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडत होते. शेवटी म्हणाले, "पोटच्या पोरीला परक्या दारात टाकायचं पाप माझ्याच्यानं व्हायचं नाही." ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आबांनी तुला हाकललं, म्हणून तू मला कोंडून ठेवणार का?" फॉर्म मी परत पर्समध्ये कोंबला. शुक्रवारी फॉर्मची मुदत संपत होती.

गुरुवारी कामानिमित्त हर्सूलच्या पुढे गेले होते. रस्त्याकडेने मेंढरं चाललेली, मागे एक बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. एक कोकरू कळप सोडून डांबराकडे धावलं, समोरून ट्रक. बाईने वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. मी स्कूटी थांबवून उगीचच विचारलं, "लागलं नाही ना त्याला?" ती हसली. "लागंल कसं? म्होरं टाकायचं असतंय, बाई. आंगावर टाकलं तर बुजतंय अन् ट्रकाखालीच जातंय. म्होरं फुटलं की माघारी फिरतंय." कोकरू कळपात शिरलंही होतं.

हे मला नवं होतं का? सहा वर्षांची असल्यापासून मी स्वतः ढेकळं टाकत होते, तुम्हीच शिकवलं होतंत. आणि तरी पस्तीस वर्षं मी ते विसरले, कारण लक्षात ठेवलं असतं तर भाषणच उरलं नसतं. तिथेच रस्त्याकडेला उभी राहून मी आठवत गेले. ढेकूळ माझ्या बोटांपुढे हातभर अंतरावर फुटतं. पायावर माती उडते. तुमच्यामागे वळणावर एक भरलेला ट्रक कण्हत वर येतोय. बाभळीची शेंग खाली पाडणारा तुमचा नेम, मला मारायचंच असतं तर चुकला नसता. आणि भाऊ? त्याच्या हातात काठी दिलीत, माझ्या हातात दप्तर. तो अजून मेंढरांमागे आहे. मागे एकदा म्हणाला होता, "तुला शाळंत धाडलं, मला रानात टाकलं." त्याच्या गोष्टीत टाकून दिलेला तो आहे. मी तेव्हा त्याला हसले होते.

आता नवी गोष्टही मी गोडगोड करणार नाही. आठ वर्षांच्या पोरीला जवळ घेऊन दोन शब्द सांगायला काय हरकत होती? ते तुम्ही केलं नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या मनात त्या वेळी काय होतं, ते मला माहीत नाही. ढेकूळ कुठे पडलं, तेवढं मात्र माहीत आहे. घरी आल्याबरोबर मी फॉर्मवर सही केली आणि लेकीला सगळं खरं सांगितलं, व्रणासकट. ती आधी पोट धरून हसली, मग गळ्यात पडली. म्हणाली, "मग आबा होते तोवर इतक्या वर्षांत त्यांना कधी विचारलं का नाहीस?" मी म्हणाले, ते सदा रानात, भेटच कुठे व्हायची.

हे खोटं आहे. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. मी सातवीत असताना तुम्ही शाळेच्या फाटकाशी आला होतात, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हे? मी म्हणाले, आत्याच्या ओळखीचे कुणीतरी. तुम्ही दोन पावलांवर होतात. भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी माझ्या हातात देत, परक्या माणसासारखे, मोठ्याने म्हणालात, "तुझ्या बापानं धाडल्यात, पोरी," आणि गेलात.

मी मागून हाक मारली नाही, आबा. हे लेकीलाही अजून सांगितलेलं नाही.