हेस्टरच्या शेजारी

न्यूपोर्ट, २ सप्टेंबर १९५८

ती. आईस,
इल्डाचा नमस्कार, वि. वि.

सुटी संपली, उद्या हेस्टरबरोबर कॉलेजला परतते. तिच्या व्हिटलॉक मंडळींनी महिनाभर घरच्यासारखं ठेवलं. हेस्टरच्या आईंनी मात्र तीनदा विचारलं की तुम्ही मूळचे कुठले. आफ्रिकेजवळच्या केप वर्दी बेटांचे म्हटल्यावर, हवा छान असेल नाही, म्हणाल्या.

आता मोठी बातमी. वॉरनने, हेस्टरच्या भावाने, मला मागणी घातली! आज सगळ्या घराचा पायऱ्यांवर फोटो काढला. तोच ते नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापतात. वॉरन म्हणाला की त्यावर तू दिसलीस की सगळ्यांना आपोआप कळेल, वेगळं सांगायला नको. हेस्टरने मला कडेला आपल्याशेजारी ओढलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

बाबांना हळूच सांग. तुझ्या मायेतली थोडी वॉरनसाठीही काढून ठेव.

तुझी,
इल्डा

न्यू बेडफर्ड, ९ सप्टेंबर

चि. इल्डास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता भात करपला. हळूच कसलं, तुझ्या बाबांनी गोदीभर सांगितलं. विचारतात की जावयाला आपला घेवडा-भात चालेल, की नुसती काकडीची सँडविचं खातो? बिबियाना मावशीने तर लग्नासाठी टोपीही घेतली.

पण तुला कडेला का गं उभं केलं? आपल्याकडे होणारी सून मधे बसते. असेल त्यांची रीत. शुभेच्छापत्र लगेच पाठव, स्टोव्हवरच्या भिंतीवर जागा केली आहे.

वेळेवर जेवत जा. आमचा सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे.

तुझी,
आई

वसतिगृह, १२ डिसेंबर

ती. आईस नमस्कार.

शुभेच्छापत्र आलं. सोबत पाठवते, पण भिंतीवर लावू नकोस. फोटो हेस्टरच्या खांद्यापाशी संपतो. मी त्यात नाही. तिच्या पांढऱ्या बाहीवर माझी चार सावळी बोटं तेवढी आहेत.

तशीच हेस्टरकडे गेले. ती हसली. म्हणाली की वेडाबाई, ज्यांचा साखरपुडा जाहीर झाला नाही त्यांना कडेलाच उभं करतात, कापायला सोपं जातं; गेल्या वर्षी साखरपुड्याआधी माझ्या डिकलाही कापलं, त्यात रडायचं काय? आणि यंदा कुठे कापायचं ते वॉरननेच ठरवलं, असंही ती म्हणाली. आमचं ठरल्याचं तिला त्याने सांगितलंच नव्हतं.

वॉरनला फोन केला. उलट तोच दुखावला. म्हणाला की माझी आई ती बोटंही पुसून टाका म्हणत होती, मी भांडून ठेवली, त्याचं तुला काहीच नाही?

आई, त्याला ते धाडस वाटलं गं. मी फोन खाली ठेवला.

मावशीला टोपी परत करायला सांग. चार बोटं त्यांच्याकडे राहिली. उरलेली मी शुक्रवारच्या गाडीने घरी येते.

इल्डा