बारक्याने उडवलेले सहाशे बारा पक्षी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो. या खेपेला मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीवर पडलो होतो, तेही चिखलात. ते पुढे सांगतोच.) तुझे गुडघे काय म्हणतात? नातीला दात आले का? सून तुला ओट्यापाशी फिरकू देत नाही, असं तू लिहिलंस, ते वाचून सुनेबद्दलचा आदर दुणावला. इकडे मी ठीक आहे. उजवं कोपर सोडलं तर सगळे अवयव जागच्या जागी आहेत. तुझा बारक्याही ठीक आहे. ठीक असणं एवढंच त्याला काम. बाकीचं सगळं मी बघतो.

लेकाकडे जाताना तू फ्रिजवर चार पानी सूचना चिकटवून गेलीस. माझा धंदाच छापखान्यात मुद्रितं तपासण्याचा, त्यामुळे मी त्या आधी लाल पेन्सिलीने तपासल्या. ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणीस चुका निघाल्या, त्या जाऊ देत. पण 'सकाळी बारक्याला फिरायला न्यावे' हे वाक्य अर्थाच्याच दृष्टीने चुकलं आहे. बारक्या बेचाळीस किलोंचा, शिवाय त्याला चार पाय, शिवाय त्याची मतं ठाम. (एवढ्या धुडाला बारक्या म्हणणं हीसुद्धा छपाईचीच चूक.) तो मला नेतो. तोही साध्यासुध्या रस्त्याने नव्हे, तर गल्ली संपते तिथून खाली, पाणीपुरवठा खात्याचं कुंपण जिथे मोडलं आहे त्या भगदाडातून थेट तळ्यावर. पंधरा वर्षं मी या गावात राहतो, पण इथे तळं आहे हे मला तिसऱ्या दिवशी, गुडघाभर पाण्यात उभा असताना कळलं.

आणि मावशी, त्या तळ्यावर काय नाही! पहिल्याच आठवड्यात बारक्याने एक बेडूक चाटला. चवीला कसा होता देव जाणे, पण याच्या तोंडाला असा फेस आला की मी त्याला दोन्ही हातांवर उचलून (हो, बेचाळीस किलो) जनावरांच्या डॉक्टरांकडे पळत गेलो. डॉक्टरांनी त्याचं तोंड धुतलं, मला खुर्चीत बसवलं आणि नाडी माझी बघितली. दुसऱ्या आठवड्यात एका टिटवीच्या घरट्यावर याचा पाय पडता पडता वाचला. त्या बाईने (टिटवीने) राग काढला तो माझ्यावर. मी पळत असताना ती माझ्या टकलावर सूर मारत होती आणि बारक्या एका दगडावर बसून शांतपणे आमची शर्यत बघत होता.

पण खरा अनर्थ घडला तो गेल्या मंगळवारी. तळ्याच्या काठी एक बाई तीन पायांच्या घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कान झाकणारी टोपी आणि हातात अंगठ्याने दाबला की आकडा पुढे सरकतो असा एक खटका. वनखात्यातर्फे दर हंगामात तळ्यावरचे पक्षी मोजायचं त्यांचं काम. (असं काम असतं आणि त्यासाठी माणूस नेमतात, हे ऐकून मला सरकारबद्दल प्रथमच बरं वाटलं.) मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की हातातली दोरी अचानक हलकी लागतेय. बारक्या पट्ट्यातून मान काढून लव्हाळ्यात शिरला, एकदाच भुंकला आणि अख्खं तळं आभाळात गेलं. बदकं, बगळे, पाणकोंबड्या, जे जे म्हणून तरंगत होतं ते सगळं. बाई सावकाश उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सहाशे बारा. सहाशे बारापर्यंत आले होते मी."

मी माफी मागितली. बारक्यानेही मागितली, म्हणजे त्यांच्या अंगाशी येऊन अंग झाडलं. त्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सहाला या आणि वही धरा." मावशी, ही शिक्षा होती, हे ध्यानात घे. मी आपखुशीने गेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घातला तो दुसरा नव्हता म्हणून.

वही धरली. तिच्यात 'पाणकोंबडी'तली शेवटची वेलांटी पाच ठिकाणी ऱ्हस्व दिली होती. माझा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे कसा गेला ते माझं मलाच कळलं नाही. बाईंनी बघितलं आणि दुर्बीण माझ्या गळ्यात घालून म्हणाल्या, "मग पक्षीही तुम्हीच मोजा." मी एका कोपऱ्यातले मोजले. माझे चाळीस झाले, त्यांचे नऊ. मी एकाच बदकाला येता-जाता धरत होतो.

त्यानंतर परवा रानडुकरीण आली. आम्ही काठाने चाललो होतो, बाई पुढे, मी मागे, दोरी माझ्या मनगटाला तीन वेढे देऊन (तुझीच सूचना, पान दोन). समोरच्या झुडपातून ती निघाली आणि तिच्यामागून अंगावर पट्टे असलेली पाच पिल्लं. मी म्हटलं, बारक्या आहे, काळजी नाही. मागे बघतो तर बारक्या निघालेला, आणि मनगट त्याच्याबरोबर असल्यामुळे मीही. वीस-एक पावलं मी चिखलातून पोटावर गेलो. कोपर गेलं ते तिथेच. शेवटी दोरी तुटली. बाई तोवर मागे पळत येऊन तिथल्याच एका वाकड्या झाडावर चढल्या होत्या. त्यांनी मला कॉलरला धरून वर ओढलं. (ताकद काय सांगू! बोटांना शाईचे डाग, नखात माती, पण पकड सुताराची.)

आणि खाली तुझा शूरवीर काय करतो? तो आडवा पडला, चारही पाय वर केले, डोळे मिटले आणि मेला. म्हणजे मेल्याचं सोंग. डुकरिणीने त्याला हुंगला, तिचा बहुधा काहीतरी गैरसमज झाला, आणि तीही शेजारी लवंडली. पिल्लांपैकी एकाने बारक्याचा कान चोखायला घेतला, दोघं पोटावर चढून झोपली. पाऊण तास! पाऊण तास आम्ही दोघं एका फांदीवर, एक सफरचंद आळीपाळीने खात. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. (पक्ष्यांविषयीच बोललो.) मग मला शिंक आली, आणि अशी आली की डुकरीण पिल्लांसकट पसार झाली आणि बारक्या जिवंत झाला. बाईंनी तिथेच, फांदीवर, वही उघडून नोंद केली. मी उतरताना हळूच वाचली: 'रानडुकरीण एक, पिल्ले पाच, कुत्रा एक. झाडावर मुद्रितशोधक एक, नर, घाबरलेला.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, मावशी.

तर अशी माझी दशा आहे. शर्ट गेले, कोपर गेलं, छापखान्यात रोज उशीर होतो. तेव्हा तू लवकरात लवकर परत ये आणि हे जनावर माझ्या गळ्यातून काढ. सर्वांना आठवण, नातीचा पापा.

तुझा भाचा

ता. क. वर 'लवकरात लवकर' असं पडलं आहे, ती चूक समजावी. 'सवडीने' असं वाचावं. हंगाम अजून पाच आठवडे चालतो.

आणखी एक ता. क. फांदीवर बाईंनी विचारलं होतं, "हा तुमचाच ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, एवढ्या भित्र्या कुत्र्याला जो इतक्या मायेने वाढवतो तो माणूस वाईट नसणार. मी मान खाली घातली. (उंचीमुळेही.)

शेवटचा ता. क. येत्या रविवारी बाई घरी चहाला येताहेत. बारक्या पिल्लू असताना काय काय करायचा, ते चार-पाच प्रसंग उलट टपाली लिहून पाठव. रविवारपर्यंत मला ते आठवायला हवेत.